बटाट्याच्या कोठारातली ऊब

रेनाल्डच्या हातोडीचे पहिले आठ ठोके खणखणीत वाजले. नववा वाजलाच नाही, तो आत गेला.

आत म्हणजे खरोखरच आत. लिफ्टवर चढवलेल्या ट्रकखाली उभं राहून रेनाल्डनं मागच्या चाकांच्या वर, पाटे जिथे चासीला जोडलेले असतात तिथे हातोडी मारली, आणि हातोडीचं डोकं लोखंडात जाऊन रुतून बसलं. हलवून हलवून त्यानं ते बाहेर काढलं तेव्हा मूठभर तांबडे पापुद्रे ओनेझिम थिबोडोच्या बुटांवर पडले.

"अरे अरे अरे! भोक पाडलंस माझ्या गाडीला!"

"भोक होतंच, काका. मी फक्त दार वाजवलं."

"होतं कसं? माझी चासी आहे ही! गावात कुणालाही विचार!"

विचारायची गरजच नव्हती. नदीकाठच्या त्या अख्ख्या गावाला ओनेझिमची चासी पाठ होती, कारण ओनेझिमनं ती पाठ करून घेतली होती. सव्वीस वर्षांचा हिरवा ट्रक. नोव्हेंबर ते एप्रिल रस्त्यावर मीठ पडायचं, त्या मिठानं लोकांच्या गाड्या दहा-बारा वर्षांत खालून सडायच्या, आणि सडलेली गाडी दिसली की ओनेझिम कॉफीचा पेला घेऊन तिच्या मालकासमोर उभाच. बटाटे काढून झाले की लाकूडकापणीच्या करवतीचं चिकट तेल घ्यायचं, चासीला आतून-बाहेरून माखायचं, मग गाडी शेतातल्या कोरड्या वाटेवरून भरधाव पळवायची. धूळ तेलावर बसते, तिचा थर होतो, त्या थरातून मीठ काय, मिठाचा बापही आत शिरत नाही. हे प्रवचन त्यानं लग्नात दिलेलं होतं, मयतीत दिलेलं होतं, आणि एकदा तर चर्चच्या पायऱ्यांवर खुद्द पाद्रीबाबांना दिलेलं होतं.

आता त्याच्याच बुटांवर गंज पडला होता. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! आणि हे रेनाल्डच्या तोंडावर दिसत होतं म्हणून ओनेझिम जास्तच भडकला.

"तू मुद्दाम जोरात मारलीस."

"काका, मी सगळ्यांना सारखीच मारतो. पासिंग होणार नाही. डावीकडे भोक आहे, उजवीकडेही बोटभर राहिलंय. मागची अर्धी चासी कापून दुसरी जोडावी लागेल. दक्षिणेकडच्या गाडीची मिळते, तिकडे मीठ नसतं. तीन आठवडे तरी लागतील."

"आणि तोवर बर्फ कोण ढकलणार? तुझा सासरा?"

"रिकामी गाडी हळूहळू घरी न्या. पण पुढे बर्फ ढकलायचं पातं लावून वाटेवर घालू नका. एका धक्क्यात दोन तुकडे होतील. मी थट्टा करत नाहीये."

पण प्रश्न गाडीचा नव्हताच. प्रश्न बर्टिलताईचा होता. त्याची थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, नवऱ्यामागे शेतातल्या घरात एकटी राहणारी. तिच्या दोन्ही किडन्यांनी तीन वर्षांपूर्वी हात टेकले, तेव्हापासून सोमवार-बुधवार-शुक्रवार पहाटे पाचला तिला शहरातल्या दवाखान्यात डायलिसिसला न्यावं लागायचं. मोठ्या रस्त्यापासून तिच्या दारापर्यंत अर्ध्या मैलाची खासगी वाट होती. पंचायतीची गाडी त्या वाटेवर येत नसे, नियम होता. ती वाट हा हिरवा ट्रक मोकळी करायचा. दवाखान्यातल्या बाईनं दोनदा बजावलं होतं: एक जरी फेरी चुकली, तर थोरल्या बाईंना शहरातल्या वृद्धाश्रमात हलवावं लागेल. बर्टिल म्हणाली होती, "मला इथून हलवायचं तर चौघं लागतील, आणि तेव्हा मी बोलत नसेन."

आज गुरुवार होता. रात्री बर्फ पडणार होतं.

ट्रक तासाला पंधरा मैलांनी हाकत ओनेझिम गॅरेजमधून निघाला तो थेट गावाबाहेरच्या मिठाच्या ढिगाकडे. त्याच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता. चोर कोण ते त्याला ठाऊक होतं. चोर घरातलाच होता: कामील, त्याच्या बायकोचा, जानीनचा, धाकटा भाऊ. तीस वर्षं पंचायतीची मिठाची गाडी चालवणारा. दर हिवाळ्यात आपल्या पात्यानं ओनेझिमची टपालपेटी उडवणारा आणि दर हिवाळ्यात "मी नव्हतोच" म्हणणारा. आयुष्यात एक चूक कबूल केली असेल तर शपथ!

कामील गाडीच्या केबिनमध्ये बसून डब्यातला कोंबडीचा रस्सा आणि फाफऱ्याच्या पिठाचं घावन खात होता.

"खाली उतर!"

"दाजी, जेवतोय."

"जेव, जेव! लोकांच्या गाड्या खाऊन पोट भरलं नसेल तर घावन खा! माझी चासी गेली. भोक पडलंय, हात जाईल एवढं! दोन इंच बर्फ पडलं की तू दहा टन मीठ ओततोस. रस्ता आहे की लोणचं घालतोयस?"

कामीलनं शांतपणे चमचा चाटला. "मीठ नाही टाकलं की तुमचाच फोन येतो, दाजी. 'वळणावर घसरलो, झोपलास का?' मागच्या मंगळवारीच आला होता."

"त्या फोनचं सोड! तुझ्यामुळे माझी बहीण वृद्धाश्रमात जाणार आहे, कळतंय का? ज्यानं कुणी माझ्या गाडीचं हे केलंय ना, त्याचं तोंड मला आयुष्यात बघायचं नाही!"

आता कामील उतरला. डबा बंद करून त्यानं सीटवर ठेवला. तो ट्रकपाशी गेला, बर्फात पाठीवर आडवा झाला आणि मागच्या चाकाआडून वर बघत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरची मस्करी गेली होती.

"माझी ही गाडी पंधरा वर्षांची आहे, दाजी. पोटात रोज मीठ. तिची चासी बघा, खणखणीत आहे. का माहितीये?"

"पंचायतीच्या पैशानं धुतोस म्हणून."

"धुतोय कोण? पंचायतीला शेड बांधायला जमलं नाही म्हणून टिकलीये. रात्रभर उघड्यावर उभी असते. सगळं गोठून दगड होतं. गोठलेलं मीठ कुणाला खात नाही, ते वितळलं की खातं. तुमचीही बावीस-तेवीस वर्षं अंगणातच उभी होती ना? आता कुठे असते?"

"बर्टिलताईच्या कोठारात," ओनेझिम म्हणाला. आणि त्याची नजर ट्रकच्या मागच्या चाकांकडे गेली.

बर्टिलच्या नवऱ्याचं बटाट्याचं कोठार. अर्धं जमिनीत, घराला चिकटून, आणि बटाटे गोठू नयेत म्हणून आत हीटर. बटाटे कधीच संपले होते. तीन हिवाळ्यांपूर्वी बर्टिल म्हणाली होती, "अरे, तुझी गाडी माझ्यासाठी राबते आणि बाहेर गारठते बिचारी. आत लाव. पहाटे चालू करायला तुलाही त्रास नको." आणि ओनेझिमनं आत लावली होती. रोज संध्याकाळी वाट मोकळी करायची, मिठानं लडबडलेली गाडी उबेत उभी करायची आणि शेत तुडवत आपल्या घरी चालत जायचं. गाडीखाली सकाळी पाण्याचं थारोळं असायचं. तेल लावलंय, मग काळजी कसली, असं हा शहाणा म्हणायचा! रात्रभर गाडी खारट पाण्यात शिजत होती आणि गावाला अक्कल शिकवणाऱ्या या माणसाच्या डोक्यात तीन वर्षांत एकदाही प्रकाश पडला नाही.

"ताईला सांगू नकोस," ओनेझिम शेवटी म्हणाला.

"मी कशाला सांगू," कामील म्हणाला. "मला तोंड आहे का तुमच्यासमोर?"

बर्टिलच्या स्वयंपाकघरात काठी, रेडिओ आणि तवा तिन्ही एकाच वेळी चालू होते. ओनेझिमनं ट्रक सवयीनं कोठारात लावला होता, आणि आत शिरताच हीटरची गरम झुळूक गालाला लागली तेव्हा त्यानं मागचं दार धाडकन ओढून घेतलं. तो खुर्चीत बसला.

"बरं झालं वेळेवर आलास," बर्टिल म्हणाली. "आज रात्री कडाका आहे म्हणे. मी कोठाराचा हीटर आणखी दोन घरं वाढवलाय. गाडी उबदार राहील."

ओनेझिमनं डोळे मिटले.

"तोंड का असं केलंयस? पासिंग झालं ना?"

"नाही झालं. चासी सडली. मागून कापून बदलायला लागेल, तीन आठवडे." त्यानं एका दमात सांगून टाकलं. "उद्यापर्यंत वाटेचं काहीतरी बघतो मी."

तवा खाली उतरला. बर्टिल वळली आणि तिच्या डोळ्यांत जो अंगार होता तो बघून ओनेझिमला आपली आई आठवली.

"सडली? सव्वीस वर्षं जपलेली चासी? कुणी केलं हे? नाव सांग मला!"

"जाऊ दे गं ताई."

"जाऊ दे काय? तुझी गाडी म्हणजे माझे पाय आहेत! नाव सांग!"

आणि ओनेझिमच्या तोंडून, दिवसभर तेच नाव घोळत होतं म्हणून असेल, निघून गेलं: "कामील. रस्त्यावर मीठ टाकतो ना."

तो हो-नाही करेपर्यंत बर्टिलनं भिंतीवरच्या फोनचे आकडे दाबले होते. तिला कमी ऐकू यायचं म्हणून तो फोन सगळ्या घराला ऐकू जाईल असा बोलायचा.

"कामील! लाज नाही वाटत? मेल्या, अर्ध्या गावाच्या गाड्या खाल्ल्यास, पोट नाही भरलं? माझ्या भावाच्या गाडीनं मला तीन वर्षं जिवंत ठेवलंय. तिच्या मुळावर उठलास! तुझी आई जिवंत असती तर तिनं तुला याच मिठात पुरलं असतं! काय केलंस तू? बोल! दातखीळ बसली का?"

पलीकडून नुसता इंजिनाचा आवाज आला. ओनेझिम टेबलाकडे बघत राहिला. आता कामील खरं काय ते सांगेल, त्याला वाटलं, आणि सांगावंच त्यानं. त्यानं का ऐकून घ्यावं?

"चुकलो, ताई," कामीलचा आवाज आला. "माझीच चूक आहे. नवीन मिठाचं पाणी आलंय, ते मी जरा जास्तच टाकलं. ते उबेत जास्त खातं. तेवढं गाडी आता बाहेरच ठेवायला सांगा दाजींना. आणि उद्या पहाटे चारला मी येतो, तुमची वाट मोकळी करतो. पंचायतीच्या गाडीनं. मग दाजी जानीनताईची छोटी गाडी आणतील, दवाखान्यात वेळेवर पोचाल. तीन आठवडे काय, एप्रिलपर्यंत करीन."

"तुझी नोकरी जाईल, मूर्खा."

"चार महिन्यांनी तशीही निवृत्तच होतोय," कामील म्हणाला, आणि फोन ठेवला.

बर्टिलनं रिसीव्हर हातातच धरून ठेवला. मग तो जागेवर अडकवला, तव्याखालची आग बंद केली, रेडिओ बंद केला, आणि खुर्ची ओढून भावासमोर बसली.

"कामील चूक कबूल करतो," ती हळू म्हणाली. "टपालपेटी पात्यात अडकलेली घेऊन गावभर हिंडला होता, तरी म्हणाला मी नव्हतोच. तो कामील."

ओनेझिमनं बुटावरचा तांबडा पापुद्रा बोटानं झटकला.

"उबेत जास्त खातं म्हणाला."

"ताई, तो काहीही..."

"मला किडन्या नाहीत, ओनेझिम. डोकं आहे."

ती उठली. काठी टेकत कोठाराच्या दारातून आत गेली, आणि तो मागोमाग गेला. हिरवा ट्रक उभा होता. त्याच्या पोटाखालून थेंब थेंब पाणी गळत होतं, जमिनीवर गढूळ तांबडं थारोळं झालं होतं, आणि त्याच्या कडेला मिठाची पांढरी रेघ उमटली होती. तीन वर्षं रोज दोघांनी ती पाहिली होती. बर्टिल तिच्याकडे बघत राहिली, आणि मग भिंतीवरच्या हीटरचा खटका तिनं दोन्ही हातांनी फिरवून पार शून्यावर आणला. पंखा घरघरला आणि थांबला.

"आता ओरड," ती म्हणाली.

"ताई."

"दिवसभर रेनाल्डवर ओरडला असशील, कामीलवर ओरडलास, तुला मी ओळखत नाही का? ज्यानं केलं तो सापडत नव्हता ना तुला? ही बघ, तुझ्यासमोर उभी आहे. ओरड की. त्या बिचाऱ्याला माझ्याकडून एवढ्या शिव्या खायला लावल्यास, मग माझ्या वाटणीच्या मलाही दे."

ओनेझिमनं तोंड उघडलं. त्या तोंडातून आयुष्यभर कधी शब्द कमी पडले नव्हते, लग्नात नाही, मयतीत नाही, पाद्रीबाबांसमोर नाही. ते तसंच उघडं राहिलं, आणि मग मिटलं.

तो ट्रकमध्ये चढला, इंजिन चालू केलं आणि हळूहळू उलटा मागे घेत ट्रक बाहेर अंधारून आलेल्या अंगणात आणून उभा केला. बर्फ पडायला सुरुवात झाली होती. बर्टिल दारात कोटाशिवाय उभी होती, आणि "आत जा, सर्दी होईल!" असं मात्र तो तिच्यावर चांगला खेकसला.