शुद्धलेखनाने खाल्लेला घोडा

आमच्या गल्लीत दारू न पिणारा पुरुष एकच, ओराझाली मास्तर. म्हणून घोड्याचे पैसे त्यांच्या खात्यात.

हिवाळ्याचा घोडा चार घरांनी मिळून घ्यायचा, थंडी कडक पडली की कापायचा आणि बर्फ वितळेपर्यंत त्याच्यावर भागवायचं, ही आमची रीत जुनी. पैसे बँकेत ठेवायचे, ही रीत नवी. मी तेव्हाच म्हटलं होतं, घोडा आत्ताच घ्या आणि दाराशी बांधा, तो कुणी फोनमधून चोरणार नाही. पण बसथांब्यावर मांस भरलेले सामसे विकणाऱ्या बाईचं कोण ऐकतं?

मास्तरांनी उभा जन्म शाळेत कझाख शिकवली. ते निवृत्त झाले, त्यांचा लाल पेन झाला नाही. दुकानाची पाटी असो, लग्नाची पत्रिका असो, थडग्यावरचं नाव असो, मास्तर सोडत नाहीत. माझ्या टपरीच्या पाटीवरचं एक अक्षर त्यांनी भर गर्दीत खोडून सुधारलं. सामसा मात्र घेतला नाही.

त्यात सरकारने लिपी बदलायचं काढलं. रशियन अक्षरं जाणार, लॅटिन येणार. तक्ते आले, ते बदलून दुसरे आले, भाषणं झाली, मेजवान्या झाल्या, अक्षरं काही आली नाहीत. मास्तर मात्र रोज वाट बघायचे. मग मायबोलीवाल्यांच्या ग्रुपवर कुणीतरी 'नव्या लिपीचा कीबोर्ड' पाठवला. मास्तरांनी लगेच फोनमध्ये घातला. फोनने विचारलं, हे अनोळखी आहे, तरी घालू? मास्तर म्हणाले, घाल. याला तुमचे मेसेज वाचू देऊ? दे. स्क्रीनवर ताबा देऊ? दे. एका स्वल्पविरामासाठी पोरांना तासभर उभं करणारा माणूस, पण तिथे एक ओळ न वाचता हो, हो, हो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे चहाला बसले असताना घोडेवाल्या तोक्तारचा फोन आला. "मास्तर, घोडा असा माजलाय की पाठीवर पेला ठेवा, हलणार नाही. पैसे आज टाका. शहरातलं गिऱ्हाईक दारात उभं आहे."

मास्तरांनी बँकेचा पत्ता स्वतःच्या बोटाने टाइप केला. बरोबर टाइप केला, मी बघत होते. पण आत घुसलेल्या त्या कीबोर्डाने पान भलतीकडेच वळवलं.

"काम्शात! इकडे ये! बघ, बँक सुधारली!" मास्तरांनी मला हाक मारली.

"काय झालं?"

"नाव शुद्ध लिहिलंय!"

बँकेचं नाव झारिक. आजवर पत्त्यात ते रशियन कानाने ऐकल्यासारखं लिहिलेलं होतं, सुरुवातीला झेड-एच, शेवटी के. आता सुरुवातीला जे, शेवटी क्यू. अगदी नव्या तक्त्याप्रमाणे. आणि खाली सगळं पान कझाखमध्ये, रशियन शब्द औषधालासुद्धा नाही.

"मास्तर, पत्ता बदललाय ना? मग थांबा. कार्डाच्या मागे बँकेचा नंबर आहे, आधी तिथे विचारा."

"काय विचारू? शुद्ध का लिहिता म्हणून?"

"विचारायला काय जातंय?"

"अगं, वाच तरी! सात विभक्त्या आणि सातही जागेवर! चोराला विभक्ती येते होय?"

यावर मी काय बोलणार? मला विभक्ती येत नाही. पानावर लिहिलं होतं, माननीय ग्राहक, खाते नव्या लिपीत नेण्यासाठी आपला पासवर्ड व मेसेजमधून आलेले गुप्त आकडे येथे लिहावेत. मास्तरांनी लिहिले. डोळ्यांत पाणी आणून लिहिले.

फोन वाजला. पैसे गेल्याचा मेसेज. कुठल्याशा अनोळखी नावावर.

आता मास्तरांनी कार्ड उलटं केलं. नंबर लावला. रशियनसाठी एक दाबा, कझाखसाठी दोन. मास्तरांनी दोन दाबलं. पलीकडून आमचा दोन तारांचा दोंब्रा वाजायला लागला.

"मास्तर, एक दाबा."

"का म्हणून? माझ्या देशात मी माझ्या भाषेत..."

"मास्तर, घोडा चाललाय!"

"जाऊ दे! एकदा तरी यांना कझाखमध्ये..."

पुन्हा मेसेज. आणखी पैसे गेले. दोंब्रा वाजतोच आहे. मी फोन हिसकावला, कापला, पुन्हा लावला आणि एक दाबलं. पोरगी तत्काळ बोलली, खातं गोठवलं. तोवर घोड्याचं शेपूट तेवढं उरलं होतं.

आपल्याच देशात चोर तुमच्याशी तुमच्या भाषेत अदबीने बोलतो आणि बँक तुम्हाला गाणं ऐकवते. वर म्हणायचं, लोक फसतात कसे!

आम्ही दोघं शाखेत गेलो. काउंटरवरची मुलगी नखं रंगवून बसलेली. म्हणाली, "आजोबा, पत्ता नीट बघायचा असतो ना!"

"मी बघितला!" मास्तर ओरडले. "अख्ख्या शहरात पत्ता बघणारा मी एकटा असेन!"

"मग?"

"मग काय! तो बरोबर होता. तुमचाच चुकीचा आहे!"

मुलीने तक्रारीचा कागद पुढे सरकवला. मास्तरांनी कझाखमधला मागितला. तो कपाटातून धूळ झटकून आला. त्यात 'खाते' या शब्दाच्या जागी 'खाणे' छापलं होतं. मास्तरांचा हात लाल पेनाकडे गेला. मी तो दाबून धरला.

"यांचं खाणं चोरीला गेलंय," मी मुलीला म्हटलं. "तुमचा कागद बरोबर आहे."

मास्तरांनी कौतुकाने काढून ठेवलेला त्या पानाचा फोटो तिने बघितला आणि हसली. "आजोबा, हे किती छान लिहिलंय! आमची बँक असं लिहिते का कधी? तिथेच ओळखायचं होतंत."

मास्तरांनी तो चुकीचा कागद न सुधारता सही केली. जन्मात पहिल्यांदाच.

तक्रार घेतली. चौकशी चालू आहे म्हणाले. चौकशीही बहुतेक दोन दाबून बसली असेल.

तोक्तारचा घोडा शहरात गेला. गल्लीत बाकीच्या तिन्ही घरांची तोंडं फुगली. सगिंदिक, जो रोज पितो, तो म्हणाला, "मी प्यायलो असतो पैसे, पण निदान मजा तरी आली असती." मास्तरांची बायको बातिमा वहिनी चुलीपाशी कणीक आपटत म्हणाली, "अहो, आता चार घरांत विभक्त्या उकडू का?"

थंडी पडली तशी मास्तरांनी स्वतःची दुभती घोडी गल्लीत आणून उभी केली. गोठवलेल्या खात्यात उरलं होतं त्यात नवं शिंगरूसुद्धा आलं नसतं. कुणी मागितली नव्हती. कुणी नकोही म्हणालं नाही. आम्ही काही संत नाही, हिवाळा मोठा असतो.

मांसाच्या पहिल्या ताटाला चारही घरं बसली. घोडी जून, चावता चावता जबडे दुखत होते, पण मास्तरांपुढे सगळे 'मऊ आहे, मऊ आहे' म्हणत होते. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम थरथरले. बँकेचा मेसेज. 'प्रिय ग्राहक, खोट्या पानपासून सावध राहणे, पत्ता तपासून करा.'

सगळे हात ताटावर थांबले. कुणी फोनला बोट लावेना.

"मास्तर," सगिंदिक म्हणाला, "हा खरा का खोटा?"

मास्तरांनी चष्मा चढवला. तोंडातला घोडीचा तुकडा गालात सरकवून मेसेज दोनदा वाचला.

"तीन चुका," ते म्हणाले. "बँक खरी आहे."