शेऱ्याचा रकाना

"मॅडम, आमचा प्रोग्रॅम आपल्या मनानं कुणाचं पत्र अडवत नाही," फोनवरचा माणूस तिसऱ्यांदा म्हणाला.

"अडवत नाही, तर पत्रं गेली कुठं?" गौरवीचा आवाज चढला. "सकाळपासून दोनदा तुमचा अँटिव्हायरस काढून टाकला, दोनदा परत घातला. क्वारंटाइनचा कप्पा बघितला, रिकामा आहे. पूर्ण स्कॅनला पावणेदोन तास गेले, काही सापडलं नाही. त्या लोकांनी तीन पत्रं पाठवलीत आणि माझ्याकडं एकही पोचलेलं नाही!"

"काढताना तो विचारतो, जुनी सेटिंग ठेवू का. तुम्ही काय म्हणालात?"

ती दोन्ही वेळा 'हो' म्हणाली होती. घाईत माणूस प्रत्येक चौकटीला हो म्हणतो.

"मग जे होतं ते तसंच राहिलं असणार," तो माणूस म्हणाला. बिचारा चिडत नव्हता, हीच एक त्याची बरी बाजू. "सेटिंगमध्ये जा. तिथं ईमेल संरक्षण दिसेल. त्यात अडवलेल्या पत्त्यांची यादी असते. ती उघडा आणि मला सांगा."

"मी बघते आणि परत फोन करते," असं म्हणून तिनं फोन ठेवला. अशी काही यादी तिनं कधी केली नव्हती, त्यामुळं तिथं काही सापडेल असं तिला वाटत नव्हतं. पण आता बघायचं दुसरं काही उरलंही नव्हतं.

गौरवी गावस गोव्यात साखळी गावातल्या एका खासगी लॅबमध्ये चौदा वर्षं लोकांचं रक्त काढत होती. शीर शोधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. लहान मुलं, थरथरणारे म्हातारे, डायलिसिसचे पेशंट, सगळे तिचंच नाव घेऊन यायचे. लॅबचा मालकही तिच्यावरच विसंबून होता, फक्त पगाराचा विषय निघाला की त्याला कमी ऐकू यायचं. तिच्याबरोबर काम करणारी योगिता चार वर्षांपूर्वी मस्कतला एका हॉस्पिटलात गेली. यंदा तिथं जागा निघाली तेव्हा तिनं गौरवीला अर्ज करायला लावला. अट एकच होती, वय अडतीसच्या आत हवं. गौरवीला पुढच्या महिन्यात अडतीस वर्षं पुरी होत होती.

लॅबमध्ये फोन सगळ्यांच्या नजरेसमोर टेबलावर पडलेला असायचा. मालकाला सुगावा लागायला नको म्हणून गौरवीनं या कामासाठी वेगळा ईमेल पत्ता काढला आणि तो फक्त पाळी गावातल्या घरच्या कॉम्प्युटरवर ठेवला. घरात दोनच माणसं, ती आणि तिचे वडील कृष्णनाथ. तिथं लपवायचं काय आणि कुणापासून? तीन महिने ती वाट बघत राहिली. आणि काल योगिताचा फोन आला. "अगो, तीन मेल धाडली तुका! जबाब कित्याक दिलंस नाय? थंय माका विचारतत, तुझी ती मैत्रीण खरी आसा काय नाय म्हणान."

रात्रभर गौरवीला झोप लागली नाही. आज रविवार होता. पत्रं हरवल्याचं तिनं सकाळीच बाबांना सांगितलं होतं. बाबा मासळी आणायला बाहेर पडले तशी ती कॉम्प्युटरसमोर बसली ती अजून उठली नव्हती.

हा कॉम्प्युटर म्हणजे बाबांचा जीव. सहा वर्षांपूर्वी आई गेली. त्याआधीच खाणीवरची नोकरी संपलेली. दिवसभर अंगणात येरझारा घालणाऱ्या बाबांना गौरवीनंच हात धरून कॉम्प्युटरसमोर बसवलं. मराठी टायपिंग शिकवलं. बनावट लॉटऱ्यांच्या मेलना ते भुलायला लागले तेव्हा अँटिव्हायरस घालून दिला. मग बाबांना त्याचंच वेड लागलं. रोज सकाळी देवपूजा झाली की सात वाजता स्कॅन. "आमचो राखणदार," असं ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगायचे. "गावच्या राखणदार देवाक रोटाचो निवेद तरी द्यावो लागता. ह्याका तोय नाका." ऐकणारे हसायचे. गौरवीही हसायची. म्हातारपणी माणूस कशात तरी रमला याचं तिला बरं वाटायचं.

तिनं सेटिंग उघडली. ईमेल संरक्षण. अडवलेले पत्ते.

यादी होती. चांगली लांबलचक होती. डावीकडं पत्ता, मग तारीख आणि वेळ, आणि शेवटी एक रकाना, ज्यात लोक सहसा काही लिहीत नाहीत. इथं मात्र प्रत्येक ओळीपुढं मराठीत काहीतरी लिहिलेलं होतं.

लॉटरी.
लॉटरी.
खोटी बँक.
केस वाढवणारे.
खोटी बँक, दुसरी.

एवढ्या चिंतेतही गौरवीला हसू आलं. दुसरं कोण असणार? पाळीच्या खाणीवर वजनकाट्याशेजारच्या खोलीत बसून बाबांनी एकोणतीस वर्षं ट्रकांची वजनं घेतली. चलनावर शेवटी शेऱ्याचा रकाना असायचा. बाकीचे कारकून तो कोरा सोडायचे. बाबांनी तो कधी सोडला नाही. लिहिण्यासारखं काही नसलं तर 'ठीक' असं लिहायचे आणि खाली दोन बारीक रेघा मारायचे. माल कमी आला, ताडपत्री फाटली, ड्रायव्हर बदलला, सगळं त्या रकान्यात. कागद पुढं गेला की मागं आपलं तोंड बोलायला नसतं, असं ते म्हणायचे.

शेवटच्या ओळीपाशी तिचं हसू थांबलं. पत्ता मस्कतच्या हॉस्पिटलचा होता. तारीख पंधरा जुलै, वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं.

पुढं शेरा होता. 'बायला नेणारे.'

घरात तिला बाय म्हणणारा आता एकच माणूस उरला होता.

चौदा जुलैच्या संध्याकाळी तिनं अर्ज पाठवला होता. पाठवण्याआधी बाबांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला होता, जन्मतारखेतली एक चूक काढून दिली होती. दाखल्यांवर सही-शिक्का घ्यायला तेच तिच्याबरोबर पणजीला तीन हेलपाटे मारून आले होते, बसमध्ये उभं राहून. आणि अर्ज गेल्यावर त्यांनी देवापुढं नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं होतं, माझ्या बायला नोकरी मिळूं दे म्हणून. ती मागं हात जोडून उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी!

तिनं प्रोग्रॅमचा रिपोर्ट उघडला. अडवलेल्या पत्रांचे विषय तिथं ओळीनं होते. दोन ऑगस्ट, मुलाखतीसाठी सोयीची वेळ कळवा. वीस ऑगस्ट, स्मरणपत्र. आणि चार दिवसांपूर्वी, जागा भरल्याबाबत. पहिली दोन तीस दिवस उलटून गेल्यामुळं पुसली गेली होती. तिसरं या रिपोर्टमध्येच शिल्लक होतं. ते तिनं उघडून वाचलं. आपल्याकडून उत्तर न आल्यामुळं आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे, असं त्यात फार सभ्यपणे लिहिलं होतं.

चोरानं लुटलं असतं तर ओरडता तरी आलं असतं. हे कुणाला सांगायचं? तिला सगळ्यात जास्त लागलं ते पत्रं अडवल्याचं नव्हे. तीन महिने रोज संध्याकाळी ती लॅबमधून येऊन चपला काढता काढता विचारायची, "काय आयला?" आणि बाबा मायेनं म्हणायचे, "येतला गो बाय, येतला. थंयचो कारभार सावकाश चलता." एकदा ती रडली तेव्हा त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला होता.

अंगणात पावलं वाजली.

"बाय, बांगडे बरे मेळ्ळे आज!" बाबा दारातूनच म्हणाले. पिशवी स्वयंपाकघरात ठेवून, हात धुऊन ते बाहेर आले. "काय म्हणता राखणदार? सापडली तुझी पत्रां?"

"सापडली."

बाबा जागीच थांबले. गौरवीनं खुर्ची मागं सरकवली आणि कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडं वळवला. त्यांनी खिशातून चष्मा काढला, लावला. वरपासून खालपर्यंत सगळी यादी एकेक ओळ बोट फिरवत वाचली, जणू कोणी त्यांना तपासायला दिली होती. शेवटच्या ओळीवर बोट थांबलं.

"हो शेरो कोणाचो, बाबा?"

"माझोच," ते म्हणाले. खोटं बोलले नाहीत, एवढं तिनं नंतर त्यांच्या खात्यावर धरलं.

"मग गाऱ्हाणां कोणाक ऐकवूक घातलात? देवाक काय माका?"

"देवाकडे मी खोटा बोलूक नाय. बायक नोकरी मेळूंदे, इतक्याच म्हटलंय. मस्कतची म्हणूक नाय."

देवाशीसुद्धा त्यांनी कारकुनी केली होती.

"आनी माका? माका रोज सांगलात, येतला, येतला."

बाबांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत लावला नाही. "तुझी आवय गेली. तुझो भाव प्रज्योत बोटीर गेलो तो गेलोच, गणेशचवथीक तेवढो फोन. तूय गेलंस तर ह्या घरात माका जेवूक हाक कोण मारतलो? सांग माका."

"ह्या तुमी माका सांगूचा होता."

"सांगून काय झाला असता?"

"विचारला असतात तर मी ह्याच घरात रवलंय असतंय, बाबा." तिनं यादी बंद केली. "कदाचित रवलंय असतंय. पण माझा माका ठरवूक दिला असतात."

"विचारूचो धीर जावूक नाय," असं ते पुटपुटले आणि ओसरीवर जाऊन बसले. बांगडे पिशवीतच राहिले. दुपारी गौरवीनं ते साफ केले, तळले, ताट वाढलं आणि त्यांच्यापुढं नेऊन ठेवलं. हाक मात्र मारली नाही.

संध्याकाळी तिनं मस्कतला पत्र लिहायला घेतलं. जागा गेली होती, पण नाव तरी साफ राहावं असं तिला वाटत होतं. माझ्या वडिलांनी, असं तिनं टाइप केलं. मग बराच वेळ त्या दोन शब्दांकडं बघून ते पुसले. आमच्या अँटिव्हायरसच्या चुकीमुळं आपली पत्रं मला मिळाली नाहीत, क्षमस्व, असं लिहून पाठवून दिलं. ज्यानं काहीच चूक केली नव्हती त्याच्या माथी तिनं दोष मारला. घरातली गोष्ट घराबाहेर घालवणं तिला जमलं नाही, आणि याचाही तिला रागच आला.

त्यानंतर तिनं आजवर त्या घरात कधी न केलेलं एक काम केलं. कॉम्प्युटरला पासवर्ड घातला.

सकाळी घंटा वाजली, धुपाचा वास आला. पूजा आटोपून बाबा सवयीनं सात वाजता कॉम्प्युटरसमोर येऊन बसले. गौरवी लॅबला निघायच्या तयारीत वेणी घालत होती. आतून तिला बटण दाबल्याचा आवाज आला, मग पुन्हा तेच बटण, मग आणखी एकदा.

"बाय," शेवटी ते म्हणाले, "हो कसलो तरी शब्द मागता."

तिच्या मनात आलं, बसू दे तसंच. पण दिवसभर हा माणूस करणार काय, हेही मनात आलं. ती बाहेर आली, त्यांच्या खुर्चीशेजारी उभी राहिली आणि उजव्या हातानं टाइप करायला लागली. डावा हात तिनं कळफलकावर आडवा धरला होता.

बाबांनी तो हात बघितला. बँकेच्या मशीनपाशी अनोळखी माणसं फिरवतात तसं त्यांनी तोंड दुसरीकडं फिरवलं आणि तिचं टाइप करून होईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिले.