कुंदामावशीला काहीच झालं नव्हतं

कुंदामावशी एकूण नऊ मिनिटं बोलते. सलोनीने मोजलं होतं. ‘उडती पलटण’ नावाची कार्टून मालिका, तिचे बेचाळीस भाग. तीन पोरं उडत्या बैलगाडीतून जग वाचवत हिंडतात आणि भागाच्या शेवटी घरी आली की त्यांतल्या एकीची मावशी खिडकीतून डोकावून एक टोमणा फेकते. “जग वाचवलंत? बरं झालं. आता तेवढे कपडे वाळत घाला.” बस्स, खिडकी बंद. या बाईला आडनाव नाही, नवरा आहे की नाही ठाऊक नाही. खिडकीमागे घर आहे की नुसतीच भिंत, तेही मालिकावाल्यांनी दाखवलं नाही.

मालिका संपून दोन वर्षं झाली. जग वाचवणाऱ्या पोरांना आता कुणी विचारत नाही, पण नऊ मिनिटांच्या मावशीवर मराठीत तीनशेच्या वर गोष्टी लिहून झाल्यात. गोष्टींच्या एका ॲपवर हा सगळा उद्योग चालतो. साताऱ्याच्या एकाने मावशीला निवृत्त हेर केलंय. नागपूरच्या एकीने तिला भूत केलंय, म्हणून म्हणे ती खिडकीबाहेर येत नाही. ‘लिंबूसरबत’ या नावाने लिहिणाऱ्या कुणा बाईने तिचं हेडमास्तरांशी तीन वेळा लग्न लावलंय आणि तिन्ही वेळा पंगतीला वेगळा बेत केलाय. कुणाला हा रिकामटेकडेपणा वाटत असेल, तर खुशाल वाटो.

सगळ्यांत जास्त वाचली जायची ती ‘सावित्रीकाठ’ची मावशी. ही मावशी पिठाची गिरणी चालवायची आणि दळणासोबत प्रत्येक गिऱ्हाइकाला एक टोमणा फुकट द्यायची. ‘सावित्रीकाठ’ म्हणजे आपली सलोनी. वय वीस, महाडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला. आई-वडील मुंबईला, म्हणून लहानपणापासून मुक्काम महाडजवळ सावित्री नदीकाठच्या तुडील गावी, आवडीआत्याकडे. वाचक तिच्या कल्पनाशक्तीची तोंड फाटेस्तोवर स्तुती करायचे, पण सलोनीने कल्पना म्हणून कणभर लढवली नव्हती. गिरणी आत्याची, टोमणे आत्याचे. सलोनी कोपऱ्यात पोत्यावर बसून फक्त फोनवर उतरवून घ्यायची.

आत्याला फार खोदावं लागत नसे. म्हातारे रावजीकाका भल्यामोठ्या पोत्याच्या तळाशी दोन किलो तांदूळ घेऊन आले की आत्या म्हणायची, “एवढ्या पोत्यात एवढेसे? एकटे पडून रडतील ना ते.” दिवाळीच्या तोंडावर चकलीची भाजणी घेऊन आलेल्या बाईला म्हणायची, “ही भाजलीयस, की नुसती चुलीजवळ बसवलेलीस?” आणि बारावीत सलोनी वर्गात पहिली आली, तेव्हा निकाल लांब धरून बघत म्हणाली होती, “बाकीच्या गैरहजर हुत्या काय?”

सलोनी त्या दिवशी हवेत होती, कारण आत्याचा हिशेब घरात सगळ्यांना माहीत होता. आत्या गोड बोलायची ती परक्यांशी. बँकेचा साहेब, मीटर तपासायला आलेला माणूस, वाट चुकलेला पाहुणा, यांना “बसा हो, पाणी घ्या हो.” जो आपला, त्याला आत्या सोलून काढायची.

चूक झाली ती वाचकांमुळे. चौदा भाग त्यांनी हसत वाचले आणि मग त्यांना प्रश्न पडला, मावशी अशी का? काहीतरी घडलं असणार. कुणी हिचं मन मोडलं? रोज वीस-वीस प्रतिक्रिया, सगळ्यांना मावशीच्या डोळ्यांत पाणी बघायचं होतं. सलोनीलाही मोह झाला. शेजारच्या प्रयागबाईंनी तिला कधीतरी कुजबुजत सांगितलं होतं की आत्याचा साखरपुडा झालेला, पोलादपूरकडचा दत्ताराम म्हणून. तो मुंबईला गेला तो परत आला नाही. “तेव्हापासून जीभ कडू झाली गो बिचारीची. साखरपुड्याची जांभळी साडी अजून ट्रंकेत हाय म्हणतात.” आत्याला विचारायची सलोनीची छाती झाली नव्हती. पण लिहायची झाली. नाव बदललं, साडी तशीच ठेवली. पंधराव्या भागात कुंदामावशी खिडकी लावून घेते, ट्रंक उघडते आणि जांभळ्या साडीत तोंड खुपसून रडते. चार हजार लोक तिच्यासोबत रडले. ‘लिंबूसरबत’ने लिहिलं की आपण दोन दिवस जेवलो नाही. ते काही खरं नसावं, पण सलोनीला बरं वाटलं.

दिवाळीला चुलतबहीण दीप्ती मुंबईहून आली. वीर स्टेशनला गाडीतून उतरून रिक्षाने थेट गिरणीवर, बॅगेसकट. “आत्या, सलोनी लेखिका झालीय, तुला सांगितलं की नाही तिने?” सलोनी डोळे वटारत राहिली आणि दीप्तीने ॲपवरचं ‘ऐका’चं बटण दाबलंसुद्धा. फोनमधली बाई सपाट आवाजात वाचू लागली.

“ही बाई सकाळपासून जेवली नाय काय?” आत्याने विचारलं. पण मोटर बंद करून ती स्टुलावर बसली. रावजीकाकांचं पोतं आलं तशी खुदकन हसली. भाजणीपाशी मांडीवर थाप मारली. “चोर हाय कार्टी. सगळं माझंच लिवलंय!” सलोनीचा जीव भांड्यात पडला. इतकी खूश आत्या तिने क्वचितच पाहिली होती.

मग दीप्ती म्हणाली, “थांब, चार हजार लोकांना रडवलेला भाग लावते.”

तो सात मिनिटांचा होता. आत्या शेवटपर्यंत ऐकत राहिली. मग उठली, पदराने तोंडावरचं पीठ पुसलं आणि सलोनीकडे बघून म्हणाली, “छान लिवलंस हो बाळा. दमली असशील. जा, जेवून घे.”

बाळा! वीस वर्षांत तिने सलोनीला माकड म्हटलं होतं, म्हैस म्हटलं होतं, एकदा तर चिकटलेल्या भाताची उपमा दिली होती. बाळा कधीच म्हटलं नव्हतं.

दिवाळी तशीच गेली. बाकी गावाला आत्या नेहमीसारखी होती, दीप्तीच्या फाटक्या जीन्सचा तर तिने रोज नवा समाचार घेतला. फक्त सलोनीशी गोड. “चहा घेतेस का हो?” “अभ्यास झाला का हो?” मीटरवाल्याशी बोलावं तसं. सलोनीने काय काय करून पाहिलं! एकदा मुद्दाम भाकरी करपवली. आत्याने काळा पापुद्रा काढून खाल्ली, म्हणाली, “होतं असं.” एकदा रावजीकाकांच्या तांदळात प्रयागबाईंची नाचणी ओतली. एरवी अशा अपराधाबद्दल आत्याने तिची सात पिढ्यांपर्यंत वरात काढली असती. “नजरचूक झाली असंल,” एवढंच म्हणून आत्या सूप घेऊन निवडत बसली. सलोनी मागच्या पडवीत जाऊन ढसाढसा रडली. घरात राहून पाहुणी होणं काय असतं, ते तिला कळलं.

दीप्ती मुंबईला परतली त्या दुपारी तिने हिय्या केला. गिरणी बंद होती. आत्या गिरणीचा वरचा दगड उलटा टाकून छिन्नी-हातोडीने त्याला टाकी लावत होती, गुळगुळीत झालेला दगड पुन्हा खरखरीत करत होती.

“आत्या, मला शिव्या दे.”

“कशाला हो?”

“ते हो नको लावूस! तुझं दुःख मी चव्हाट्यावर मांडलं, माझं चुकलं. पण असं परकं नको करू.”

हातोडी थांबली. “दुःख?” आत्या म्हणाली. “कुठलं दुःख?”

“दत्ताराम...”

“अगो, दत्ताराम! साखरपुड्याच्या चौथ्या दिवशी आला आन बोलला, लग्नानंतर जरा कमी बोलायचं. मी बोलले, तुझी सोय करते. लग्नच नको, म्हणजे ऐकायलाच नको. तो मुंबईला पळाला तो लाजेनं. मी त्या दिवशी गूळ-खोबरं खाल्लं.”

“मग गावाला सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं की! त्यांना नाय पटलं. बाई हसते म्हणजे आतून रडतच असणार, हे त्यांचं ठरलेलं. तीस वर्षं बघते, प्रयागबाई दळण देताना माझ्याकडं असं बघते, जसं काय मी आजारी हाय. बघू दे. मी दळते. मला काय झालं नाय गो. मी अशीच जन्मले. जीभ आधी आली, दत्ताराम नंतर.” तिने छिन्नी खाली ठेवली. आवाज जरा ओला झाला होता, आणि तो लपवायला ती वळलीही नाही. “या गावात एक तूच हुतीस जी माझं ऐकून नुसती हसायचीस. कधी कीव नाय केलीस. मग तूपण बसलीस मला रडवायला. चार हजार लोकांसमोर. मला वाटलं, हीपण त्यांच्यातली निघाली. मग परक्यांशी जसं बोलतात तसं बोलले.”

सलोनीला तोंड वर करवेना. तिला वाटलं होतं, आपण आत्याची जखम उघडी केली. इथे जखम नव्हतीच, ती तिनेच केली होती.

“आणि ती जांभळी साडी?” तिने शेवटी विचारलं.

आत्याने मानेने गिरणीकडे खूण केली. पीठ जिथून डब्यात पडतं, त्या तोंडाला बांधलेली कापडी नळी वाऱ्यावर हलत होती. पिठाने पांढरी झालेली, पण शिवणीत जांभळी. “नायलॉनला पीठ चिकटत नाय. सहावारीत सात नळ्या झाल्या. ही सातवी. बघ आता, तुझ्या गोष्टीशी जुळतं काय.”

सलोनी हसू लागली ती थांबेना. पण आत्याने तिला अजूनही एक शिवी दिली नाही. परत छिन्नी उचलली.

त्याच संध्याकाळी सलोनीने पंधरावा भाग काढून टाकला आणि नवा लिहिला. नाव दिलं, ‘कुंदामावशीला काहीच झालं नव्हतं’. त्यात मावशी जन्मते, सुईण तिला उलटी धरून थोपटते आणि मावशी रडण्याऐवजी भुवई उडवते. बालवाडीच्या बाई फळ्यावर आंबा काढतात आणि मावशी विचारते, हा बटाटा आजारी आहे का? साखरपुडा मोडतो, साडी गिरणीला लागते, आणि त्या गावाची प्रत्येक भाकरी तीस वर्षं त्या साडीतून खाली येते.

आधी वाचक खवळले. आमचे अश्रू परत द्या, म्हणाले. मग नागपूरच्या भूतवालीने लिहिलं की माझी भूतमावशी आजपासून झपाटत नाही, खिडकीतून लोकांच्या कपड्यांना नावं ठेवते, बस्स. साताऱ्याच्या हेरमावशीने शत्रूला इतके टोमणे मारले की त्याने स्वतःहून नकाशा दिला. ‘लिंबूसरबत’ने हेडमास्तरांना चौथ्यांदा बोहल्यावर चढवलं, पण अंतरपाट खाली यायच्या आत मावशी म्हणाली, “फळ्यावरचं अक्षर सुधारलं की मग बघू,” आणि पंगत मात्र झाली. आठवड्याभरात पन्नासेक गोष्टी आल्या आणि पन्नासांतल्या एकाही मावशीला काही झालेलं नव्हतं. सलोनी त्या वाचून एकटीच हसत सुटायची. पण त्या पन्नासांनी तिचं काम भागणार नव्हतं. तिला हवी होती एकच शिवी, आत्याच्या तोंडची.

रविवारी सकाळी गिरणीवर गर्दी होती. पट्टा बदलायचा म्हणून मोटर थांबली, तेव्हा सलोनी पोत्यावर उभी राहिली आणि फोन उघडून नवा भाग स्वतः मोठ्याने वाचू लागली. सुईणीपाशी रावजीकाका ठसकले. आजारी बटाट्यापाशी बायका एकमेकींच्या अंगावर पडल्या. साडीचा मजकूर आला, तशी प्रयागबाईंनी मान वळवून गिरणीच्या तोंडाकडे पाहिलं, मग आपल्या डब्यातल्या पिठाकडे, मग आत्याकडे. “आवडे, खरंच नव्हतीस गो रडत?”

“पीठ भिजलं असतं ना, प्रयागबाय,” आत्या म्हणाली. असा हशा उसळला की तेवढा आवाज त्या गिरणीत मोटर चालू असतानाही कधी झाला नसेल. प्रयागबाई स्वतः हसायच्या थांबल्या त्या सगळ्यांत उशिरा.

सलोनीने वाचून संपवलं आणि फक्त आत्याकडे पाहिलं. आत्या पट्टा चढवत होती. चढवून झाला. हात झटकले. सलोनीला खालून वर न्याहाळलं.

“झालं तुझं? बाई जन्मली आन शाळेत गेली, एवढं सांगायला पाऊण तास? आन वाचतेस कशी, रेशनच्या यादीतली नावं वाचल्यासारखी! कॉलेजात घालून गाढव ते गाढवच राहिलं. उतर खाली म्हशी, ज्यावर उभी हायस ते कुणाचं तरी खायचं धान्य हाय!”

सलोनी उतरली आणि तिथेच भिंतीला टेकून रडू लागली, हसत हसत, नाक पुसत. रावजीकाका कळवळले. जवळ येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“असं मनाला लावून घेऊ नये पोरी. ती काय, आपल्या सगळ्यांनाच असं बोलते.”

“हो ना काका,” सलोनी म्हणाली. “आज मला पण बोलली.”