आधी नाक, मग गोष्ट, मग घोट

“हे कुणाला खरं वाटणार नाही,” असं म्हणत आप्पांनी पिंपाचं बूच उपटलं, “पण ह्या पिंपात माझ्या आजोबांची शिंक अडकली आहे.”

तळघराच्या खालच्या पायरीवर बसलेल्या त्यांच्या जुन्या दोस्ताने, कुलूपवाल्याने पाय पसरले. आप्पांची गोष्ट सुरू झाली की तो नेहमी असा ऐसपैस बसे. प्रवास लांबचा आहे हे त्याला ठाऊक असे. सून कंदील धरून उभी होती.

आप्पांनी काचेची लांब नळी पिंपात सोडली, वरचं भोक अंगठ्याने दाबलं आणि आत सापडलेली वाइन अलगद पेल्यात सोडली. पेला नाकाशी नेला आणि डोळे मिटले.

“आजोबा बूच ठोकत होते. हातोडा वर गेला आणि शिंक आली. शिंक आत, बूच वर. झालं. तेव्हापासून थंडी पडली की हे पिंप शिंकायचं. एकदा जकातीचा साहेब तपासणीला आला. पिंपाला कान लावायला वाकला, आणि त्याची टोपी सापडली ती गावाबाहेर.”

“आणि डोकं?” कुलूपवाल्याने विचारलं.

“टोपीतच होतं. पण त्याच्या कामाला त्याची गरज पडत नसे, म्हणून त्याने परत मागितलं नाही.”

सून हसली, तसा कंदील हलला आणि भिंतीवरच्या सावल्याही हसल्यासारख्या हलल्या. आप्पांनी घोट घेतला, मान डोलावली आणि पिंपावर खडूने बरोबरची खूण केली.

ह्या घराची रीतच तशी होती. आधी नाक, मग गोष्ट, मग घोट. आप्पांचे आजोबा म्हणत, वासाला शब्द चिकटत नाहीत, गोष्ट चिकटते. हुंगणाऱ्याने जे डोळ्यांपुढे येईल ते सांगायचं. गोष्ट न अडखळता निघाली तर वाइन तयार. अडखळली तर पिंप तसंच राहू द्यायचं. गोष्ट खरी असण्याची कुणाची अपेक्षा नव्हती, नाहीतर ह्या घराण्याचा धंदा पहिल्याच वर्षी बसला असता. पण ती त्या पिंपाची असायला हवी. नसेल, तर कंदील धरणाऱ्याने तोंडावर ‘खोटं’ म्हणायचं, आणि मग सांगणारा घरचा कर्ता का असेना, त्याने मुकाट्याने फुली मारायची.

पूर्वी तो कंदील आप्पांच्या बायकोच्या हातात असे. मागच्या हिवाळ्यात ती गेली. आज सुनेने तो पहिल्यांदाच धरला होता.

खरं तर सगळा उद्योग सुनेनेच मांडला होता. द्राक्षांवर रोग पडून मळा गेला, त्यानंतर कितीतरी वर्षं ह्या तळघरात बटाटे साठवले जात. ती लग्न होऊन आली तेव्हा द्राक्षं दाबायच्या जुन्या यंत्रावर पोती वाळत असत. घरामागच्या भिंतीवर मात्र एक म्हातारी वेल तग धरून होती. सुनेने तिच्या काड्या लावल्या, रोपं केली, नवऱ्याच्या मागे लागून मळा उभा केला. “आप्पा, तुमचं नाक आहे तोवरच हे होईल,” ती म्हणायची. जुनी वाइन चाखलेली दोनच माणसं उरली होती. त्यातलं आता एकच राहिलं होतं. मुलगा बाटल्या आणायला गेला होता. आज खुणा झाल्या की उद्या बरोबरच्या खुणेची सगळी पिंपं एका हौदात ओतायची, आणि त्यातून निघेल ती ह्या घराची वाइन, आजोबांची, तशीच. एक पिंप चुकलं तर हौदच्या हौद वाया.

सगळी मदार आप्पांच्या नाकावर होती, आणि आप्पांचं नाक मेलं होतं.

बायको गेल्यानंतर आठवड्याभराने त्यांना ते कळलं. खुंटीवर तिचा राखाडी लोकरीचा स्वेटर होता. दार लावून घेऊन त्यांनी तो तोंडाशी धरला, आणि काहीच आलं नाही. लोकर फक्त गालाला टोचली. ते तरातरा बाहेर आले आणि सुनेवर उखडले, “धुतलास कशाला? कुणी सांगितलं होतं धुवायला?” ती म्हणाली, “नाही हो आप्पा, हातसुद्धा नाही लावला मी.” त्यांनी ऐकून घेतलं नाही. दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी चुलीवर दूध करपून घरभर धूर झाला, सगळे नाक धरून पळाले आणि आप्पा तिथेच शांतपणे पेपर वाचत बसले, तेव्हा कुठे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी साबण हुंगला, रॉकेल हुंगलं, शेवटी कुलूपवाल्याचे मोजे हुंगले. ज्याला ते मोजे कळत नाहीत त्याची केस संपलीच म्हणायची.

सांगायचं तर कुणाला? सुनेला सांगितलं असतं तर तिने मळ्याकडे पाहिलं असतं, मग त्यांच्याकडे, आणि म्हणाली असती, असू दे आप्पा. ते ‘असू दे’ त्यांना ऐकवलं नसतं. आणि नाक मेलं तरी जीभ कुठे मेली होती? त्यांनी आपली जुळवाजुळव केली. कंदिलापुढे पेला धरून रंग बघायचा. पिंपावर बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायचा. सुनेच्या भुवयांवर लक्ष ठेवायचं. आणि कुलूपवाल्याच्या नाकपुड्या. त्याचं नाक मोठं होतं आणि प्रामाणिक होतं. वाइन बरी असली की ते भाता फुंकल्यासारखं फुलायचं. त्या उसन्या नाकावर आप्पांनी आतापर्यंतची सगळी पिंपं निभावून नेली होती.

“पुढचं,” सून म्हणाली.

पुढच्या पिंपातून आप्पांनी एक कडाक्याचा हिवाळा काढला. त्या वर्षी वाइन गोठली होती आणि आजोबा ती करवतीने कापून विकत असत. गिऱ्हाईक काखेत लादी मारून न्यायचं, कागदात गुंडाळून.

“आणि भुसा?” कुलूपवाला म्हणाला. “करवतीने कापलं की भुसा पडतो.”

“तोच तर चिमण्यांनी खाल्ला. वसंत आला तरी त्या वर्षी एक चिमणी सरळ रेषेत उडाली नाही.”

“लेका, तू मेल्यावर तुझी जीभ वेगळी जाळावी लागणार.”

“तिला कुलूप घालशील तर तू खरा कुलूपवाला.”

सून पुन्हा हसली. आप्पा तिला म्हणाले, “सूनबाई, नुसतं हसू नकोस. कंदील धरलायस तर एकदा तरी ‘खोटं’ म्हण. तुझी सासू प्रत्येक पिंपाला म्हणायची. निम्म्या वेळा चुकीचं म्हणायची, पण म्हणायची.”

“मला जमायचं नाही ते, आप्पा.”

“जमवावं लागतं. नाहीतर रीत पुरी होत नाही.”

आता एकच पिंप राहिलं होतं. कोपऱ्यातलं, सगळ्यांत लहान. त्यात भिंतीवरच्या म्हाताऱ्या वेलीचा रस होता. बाकीच्या पिंपांत अंग होतं, कणा ह्यात होता. हे मिसळल्याशिवाय ती वाइन जुनी वाइन झालीच नसती. हे पिंप आप्पांच्या बायकोचं. तिनेच तोडणी केली, तिनेच भरलं, आणि दर आठवड्याला ती त्यात थोडी थोडी भर घालत असे. लाकूड वाइन पितं; पिंप काठोकाठ राहिलं नाही तर वर हवा साठते आणि हवा वाइनची वैरी. ती गेल्यावर सून म्हणाली होती, “आप्पा, आईंच्या पिंपाचं मी बघू का?” ते म्हणाले होते, “ते मी बघतो.” नंतर दर आठवड्याला ती विचारायची, “आईंचं भरलंत ना?” आणि ते म्हणायचे, “भरलं.”

ते दर आठवड्याला खाली यायचे हे खरं. पिंपाशेजारी स्टूल घेऊन बसायचे. बुचावर तिने हातोडा मारलेल्या खुणा होत्या, चंद्रकोरीसारख्या, जराशा डावीकडे कललेल्या, कारण ती डावखुरी होती. ते बूच उपटलं की तिने शेवटचं बंद केलेलं काही ह्या घरात उरणार नव्हतं. ते बसायचे, आणि भर घालायला आणलेलं भांडं जसंच्या तसं वर न्यायचे.

आज उपटावं लागलं. हातोडीची गरजच पडली नाही. बूच दोन बोटांनी निघालं. तिने ठोकलेलं बूच असं कधी निघत नसे. आपल्यासाठी तिने सैल सोडलं असेल, असं आप्पांच्या मनात आलं आणि त्यांनी ते मनातच ठेवलं. नळी पार धरलेल्या बोटांपर्यंत आत घालावी लागली, तेव्हा कुठे वाइन लागली. भोकाभोवती चार चिलटं घोंघावली. गोडव्याला येतातच, आप्पांनी मनाशी म्हटलं.

त्यांनी पेला नाकाशी नेला.

आणि नाकात काहीतरी चुणचुणलं.

ते थबकले. पुन्हा हुंगलं. पुन्हा तेच. बारीक, तीक्ष्ण, थेट कपाळात जाणारं काहीतरी. हिवाळ्यापासून भिंत होती तिथे कुणीतरी आतून नखाने खरवडावं तसं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी सुनेकडे पाहिलं. तिचेही डोळे भरले होते. कुलूपवाल्याकडे पाहिलं, तो पायरीवरून उठला होता आणि त्याने चक्क रुमाल काढून तोंडाला लावला होता. हा माणूस स्वतःच्या भावाच्या मरणाला रडला नव्हता.

आप्पांना रंग बघायची आठवण राहिली नाही. पिंपावर टिचकी मारायचीही नाही.

“तोडणीचे दिवस,” ते म्हणाले. आवाज त्यांचा त्यांनाच अनोळखी वाटला. त्यात थाप नव्हती. “वडील तिथे उभे होते, कंदील घेऊन. मी तिथे, पिंपापाशी. कोवळाच होतो. पहिल्यांदा हुंगायला दिलं होतं मला. मी काय सांगितलं माहितेय? म्हटलं, ह्या पिंपात मला एक राणी दिसतेय, सोन्याच्या पालखीत. पाठ करून आलो होतो. वडील बिचारे ऐकत होते, लेकाची पहिली गोष्ट म्हणून. आणि त्या पायरीवरून, हा उभा आहे ना त्याच पायरीवरून, कुणीतरी म्हणालं, ‘खोटं.’”

कुलूपवाल्याने रुमाल तोंडावरून काढला नाही. एरवी ह्या ठिकाणी त्याने तीन शंका काढल्या असत्या.

“तोडणीला आलेली पोरगी. डोक्यावर द्राक्षांची पाटी, पाटीतून रस गळून मानेवर उतरलेला. म्हणाली, ‘खोटं. ह्याला वाइनचा वाससुद्धा आलेला नाही, हा माझ्याकडे बघतोय.’ वडील इतके हसले की कंदील विझला. पुन्हा पेटवला, तेव्हा तो तिच्या हातात दिला. म्हणाले, धर. आता हा तुझाच.”

त्यांनी पुन्हा पेला हुंगला. चुणचुण होती. अजून होती.

“त्यानंतर मळा गेला, बटाटे आले, सगळं झालं. पण मी घरात काही बोललो की ती म्हणायचीच. बाजारात भाव वाढलेत म्हटलं, खोटं. पोटात दुखतंय म्हटलं, खोटं. शेवटच्या दिवसांत तिच्या उशाशी बसून मी म्हटलं, तू बरी होणार. तेव्हा मात्र काही म्हणाली नाही. मी वाट बघत राहिलो. तिने नुसता माझा हात दाबला.” त्यांनी पेल्यात नाक खुपसलं. “तो पाटीचा ओला वेत. मानेवरचा तो रस. सगळं आहे ह्यात. सूनबाई, सगळं आहे.”

गोष्ट कुठेही अडखळली नव्हती. आप्पांनी एका हाताने खडू उचलला आणि दुसऱ्या हाताने पेला ओठांकडे नेला.

सुनेने कंदील खाली ठेवला. पुढे होऊन तिने तो पेला त्यांच्या हातातून काढून घेतला, दोन्ही हातांनी, झोपलेल्या लेकराच्या मुठीतून काही सोडवून घ्यावं तसा.

“खोटं,” ती म्हणाली.

आप्पा हसले. “जमलं की गं तुला. पण चुकीच्या जागी. अगं, जन्मात हीच एक खरी सांगितली.”

“गोष्ट खरी आहे, आप्पा. ह्या पिंपाची नाहीये.”

त्यांनी कुलूपवाल्याकडे पाहिलं. त्याने रुमाल खिशात घातला आणि किल्ल्यांचा जुडगा काढून, जणू एखादी हरवलीय, तशी एकेक किल्ली बघू लागला.

“व्हिनेगर झालंय ह्याचं,” सून म्हणाली. “बूच काढल्याबरोबर आला वास. आम्हा दोघांनाही.” पेला तिने पदराआड धरला होता, जणू त्यांना तो दिसला नाही तर बरं. मग खाली बघून म्हणाली, “आप्पा, आईंचा स्वेटर मी खरंच धुतला नव्हता.”