उत्तरेचं टोक

सात महिने मी नुसती बसून काढले. अमेरिकेतल्या बफेलो शहरातल्या त्या इस्पितळाच्या नव्या इमारतीत वेल्डरच्या ठिणग्या उडायच्या, आणि कुठे काही पेटू नये म्हणून आग विझवायचं नळकांडं घेऊन मी पहारा द्यायची. पोलादी सांगाडे उभारण्याचं काम शिकणारी, युनियनची दुसऱ्या वर्षाची शिकाऊ मी, आणि शिकले काय, तर बसायला! माझ्याबरोबर भरती झालेले दोघे मुलगे केव्हाच वर तुळया जोडत होते.

फोरमन हॅनलनला मी विचारलं, तर म्हणाला, "पगार मिळतो ना दर आठवड्याला, जोलीन? मग दुखतंय कुठे?"

"पगार शिकण्याचा मिळतो, बसण्याचा नाही. आठवड्याच्या कामाच्या तक्त्यावर जोडणीचं काम दिसलं नाही तर युनियनची शिकाऊ समिती मला वर्षभर मागे ठेवेल."

"वर वारा फार असतो गं बाई!"

सगळे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

इमारतीची शेवटची तुळई आमच्यात पांढरी रंगवतात, तिच्यावर सगळे सह्या करतात आणि झेंडा नि छोटंसं झाड बांधून ती वर चढवतात. रंगवायला हॅनलनला बरोबर मी आठवले. तुळईच्या एका टोकाला कारखान्याने क्रमांक घातलेला असतो, आणि या इमारतीत ते टोक उत्तरेला जायचं. मी म्हटलं, "क्रमांक तेवढा सोडते."

"फोटोत आकडे कशाला? सगळं रंगव."

रंगवलं. सह्या करताना म्हणतो कसा, "शिकाऊंनी कडेला करायची." मग मी त्या झाकलेल्या क्रमांकावरच नाव लिहिलं, जोलीन पास्टरनॅक, चांगलं ठळक.

मंगळवारी इस्पितळाचे विश्वस्त कोरी हेल्मेटं घालून आले, म्हणून वेल्डिंग बंद होतं. क्रेनने तुळई उचलली आणि माझं नाव दक्षिणेकडे निघालं.

"थांबवा! उलटी चाललीय!" मी ओरडले.

"पाहुण्यांसमोर तमाशा नको," हॅनलन दात खात म्हणाला. "चूप राहा."

वर लेलंड होता. तीस वर्षं जोडणी करणारा, तस्कारोरा या मूळ अमेरिकी जमातीतला माणूस, उगाच बोलणाऱ्यातला नव्हे. त्याने तुळई ओढून पाहिली, ढकलून पाहिली, पण भोकाला भोक लागेना. विश्वस्त माना वर करून बघत होते आणि हॅनलनचा चेहरा लालबुंद झाला होता.

"ठोकून बसव!" तो वॉकीटॉकीवर ओरडला.

"तुझं डोकं ठोकू का? टोकं कुठली कुठे आहेत ते कुणाला माहीत आहे?" वरून लेलंडचा आवाज आला.

मी वॉकीटॉकी हॅनलनच्या हातातून घेतलाच. "लेलंड, माझं नाव उत्तरेला पाहिजे. त्याच्याखाली क्रमांक आहे."

तो खदखदून हसला. "मग ये वर. उत्तरेचं टोक तूच जोड. हॅनलन, तिला पाठव, नाहीतर मी जेवायला चाललो."

लेलंडचा जोडीदार खाली उतरला. मी सुरक्षापट्टा चढवला आणि शिडीने वर गेले. तुळई फिरून आली. पान्याचा टोकदार दांडा मी भोकात घातला, जोर लावला, भोकं जुळली. मग बोल्ट घातले, एक, दोन, सगळे. खाली टाळ्या वाजल्या, त्या झाडासाठी असतील.

शुक्रवारी हॅनलनने माझा तक्ता भरून दिला. मंगळवार: आगीवर पहारा, आठ तास.

मी तो दोनदा वाचला. मग युनियनच्या हॉलमध्ये गेले. विश्वस्तांनी पाठवलेला फोटो तिथे फळ्यावर लावला होता. पांढऱ्या तुळईवर माझं नाव, शेजारी मी, हातात पाना. तो काढून आणला आणि हॅनलनच्या टेबलावर आपटला.

"यात आग कुठे लागलीय, ती दाखवा."

तो म्हणाला, "चूक झाली असेल. आण इकडे, दुरुस्त करतो."

त्याने हात पुढे केला. मी तक्ता घडी करून खिशात घातला.

"राहू द्या. सोमवारी समितीला हा असाच दाखवायचा आहे. आधीचे सात महिने मला का बसवून ठेवलं, तेही ते विचारतीलच."