धुक्याचा तक्ता

धुकं आहे, असं सासूबाईंचं म्हणणं. धुकं नाही, असं सूनबाईचं. आणि दोघी एकाच खिडकीत, एकाच नदीकडे तोंड करून उभ्या.

"पूल दिसतोय का तुम्हाला?" सूनबाईनं विचारलं.

"धुक्यात पूल कसा दिसेल गं?"

"आई, धुकं नाहीये. पुलावरून एक बाई चाललीय. तिच्या काखेत छत्री आहे, तीसुद्धा दिसतेय मला."

"तरुण डोळे तुझे. तुला धुक्याच्या आरपार दिसत असेल," असं म्हणून सासूबाई चहाचा कप घेऊन आत वळल्या आणि दारावर खांदा आपटून घेतला. चहा सांडला. "हे दार कुणी सरकवलं?" असं त्या म्हणाल्या, आणि सूनबाई हसू दाबत फडकं आणायला गेली.

खरं तर हसण्यासारखी गोष्ट नव्हती. सासूबाई रफूचं काम करायच्या. गल्लीतला ड्रायक्लीनर फाटलेले, कसर लागलेले, इस्त्रीनं जळालेले कपडे त्यांच्याकडे पाठवायचा आणि त्या खिडकीशी बसून धाग्याला धागा जोडायच्या. डोळ्यांच्या जिवावर काम करणारी बाई, पण डॉक्टरचं नाव काढलं की ठार बहिरी व्हायची. मुलगा जहाजावर नोकरीला. तो फोनवर "आई, डोळे दाखव" म्हणाला की नेमका तेव्हाच सासूबाईंना त्याचा आवाज तुटक ऐकू यायचा. राहिली सूनबाई. तिनं समजावून पाहिलं, रुसून पाहिलं, डॉक्टरची वेळसुद्धा घेऊन पाहिली. सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

त्या का हलत नव्हत्या, ते त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. आपल्याला सांगायला हरकत नाही. त्यांच्या आईनं फार पूर्वी डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं होतं. जाताना तिला थोडंफार दिसत होतं, परत आली ती काळोख घेऊन. त्यानंतर ती लेकीचा चेहरा बोटांनी चाचपून ओळखायची. ती गार बोटं सासूबाईंच्या गालावर अजून होती. काळोखापेक्षा धुकं बरं, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

आणि धुकं काही वाईट नव्हतं हो. संध्याकाळी रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याभोवती एक मोठं कडं उमलायचं. समोरच्या गॅलरीतल्या चादरींना दोरी नसायची, त्या आपल्या आपण हवेत तरंगायच्या. माणसं जवळ येईपर्यंत कुणाचीही असू शकायची. एकदा तर गेलेला नवरा वळणावरून हळूहळू चालत आला होता, अगदी तसाच एक खांदा पाडून. जवळ आल्यावर तो पोस्टमन निघाला. सासूबाईंना पोस्टमनचा राग आला नाही. तेवढ्या वळणापुरता तरी नवरा आलाच होता की.

शेवटी सूनबाईनंच तोडगा काढला. "मी म्हणते धुकं नाही, तुम्ही म्हणता आहे. तिसऱ्याला विचारू या."

नदीकाठच्या लोकांचा इंटरनेटवर एक फोरम होता. तिथे ज्याला हौस असेल तो सकाळी आपल्या खिडकीतून धुकं बघून लिहायचा. नुसतं 'धुकं आहे' असं लिहायचं नाही, लांबात लांब काय दिसतं ते लिहायचं, अशी तिथली रीत. 'कारखान्याची चिमणी दिसत नाही.' 'पूल दिसत नाही.' 'आज फक्त बोटीचा धक्का.' आणि हवा स्वच्छ असली तर कुणी काहीच लिहीत नसे. सगळं दिसतंय, त्यात लिहायचं काय?

"या लोकांनाही तुमच्यासारखं धुकं दिसलं, तर मी डॉक्टरचं नाव काढणार नाही," सूनबाई म्हणाली. "फक्त तुम्हालाच दिसलं, तर मुकाट्यानं चपला घालायच्या."

"घातल्या!" सासूबाई म्हणाल्या. त्यांना फोरमच्या लोकांविषयी, का कोण जाणे, फार भरवसा वाटला.

मुलाचा जुना लॅपटॉप खिडकीशी आला. सासूबाईंनी 'सुईदोरा' असं नाव घेतलं आणि अक्षरं इतकी मोठी करून घेतली की समोरच्या इमारतीतून वाचता यावीत. मंडळी मोजकीच होती. फेरीबोट चालवणारा एकजण 'सुकाणू' होता. उंच इमारतीत राहणारी एक शिकवणीवाली 'गच्ची' होती. पाण्याच्या टाकीवर पहारा करणारा 'टाकी' होता आणि फोरमची देखभालही तोच करायचा, कारण टाकी काही पळून जात नव्हती.

आठवडे गेले. सासूबाई रोज सकाळी लिहायच्या, 'पूल दिसत नाही.' बाकीचे अधूनमधून लिहायचे. पण कुणाचं कधी, याचा मेळ लागेना. सगळं पानभर विखुरलेलं.

"तक्ता करा ना, काकू," टाकीनं लिहिलं. "म्हणजे वारागणिक सगळ्यांचं शेजारीशेजारी दिसेल. मी शिकवतो."

त्यानं शिकवलं. चौकोनी कंसात टेबल असं लिहून तक्ता उघडायचा. मग टीआर लिहून एक ओळ उघडायची. ओळीच्या आत टीडी लिहून एक चौकट उघडायची, चौकटीत काय ते लिहायचं, आणि जे जे उघडलं ते ते तिरपी रेघ देऊन बंद करायचं. आधी चौकट, मग ओळ, शेवटी तक्ता. बंद करायला विसरलात तर सगळं ओघळलंच म्हणून समजा.

सूनबाईला वाटलं, सासूबाई दोन दिवसांत हात टेकतील. कसलं काय! उभे धागे, आडवे धागे, आणि टोक नीट बंद करायचं, हे त्या जन्मभर करत आल्या होत्या. दुपारचं जेवण झालं की कपडे बाजूला सारून त्या कंस टाइप करायला बसायच्या. ऊन मांडीवर यायचं, डोळे जडावायचे, आणि मग तक्ता त्यांच्याभोवती हळूहळू उभा राहायचा.

एक मोठी इमारत असायची, चौकोनी खोल्यांची, खालून वरपर्यंत. प्रत्येक खोलीला एकच खिडकी. सासूबाई अनवाणी एकेक खोलीत जायच्या. एकीत सुकाणू चाकावर हात ठेवून उभा असायचा, एकीत गच्ची मुलांच्या वह्या उशाशी घेऊन झोपलेली असायची, आणि प्रत्येक खिडकीबाहेर तेच मऊ, पांढरं धुकं. "तुमच्याकडेही आहे ना?" त्या विचारायच्या. "आहे ना, काकू," सगळे म्हणायचे. काही खोल्या मात्र कुलूपबंद असायच्या. तिथे कुणी राहत नसेल, असं समजून त्या पुढे जायच्या. जाग यायची तेव्हा बोटं अजून कीबोर्डवर असायची.

तक्ता तयार झाला. एकेका दिवसाची एकेक ओळ. रकाने वार, सुकाणू, टाकी, गच्ची आणि शेवटी सुईदोरा. सासूबाईंनी तो फोरमवर चढवला आणि मोठ्या अक्षरांत पाहिला. सुकाणूचा रकाना वरपासून खालपर्यंत भरलेला होता. सोमवारी 'पूल दिसत नाही'. मंगळवारी 'पूल दिसत नाही'. बुधवारीही तेच. जो माणूस रोज नदीतून बोट नेतो, तोच म्हणतोय! आणखी काय पुरावा हवा?

सूनबाई ऑफिसला निघाली होती. एका हातात डबा, दुसऱ्या हातात फोन. तिनं फोनवर तक्ता उघडला. फोनचा पडदा लहान, त्यात पहिले दोनच रकाने मावत होते. ती दारातच थांबली.

"मी चुकले, आई," ती म्हणाली. "मला वाटलं... जाऊ दे. डॉक्टरची वेळ घेतली होती शुक्रवारची, ती रद्द करते."

तिचा आवाज इतका उतरला होता, की सासूबाईंना जिंकल्याचा आनंद धड घेताही आला नाही. "अगं, चालायचंच," त्या म्हणाल्या. "जा, उशीर होईल."

ती गेली आणि पाठोपाठ फोरमवर सुकाणूचा निरोप आला. निरोप कसला, बोंबच ती.

'अहो काकू, मी कधी म्हटलं पूल दिसत नाही? पूल दिसत नसेल तर आमची बोट सुटतच नाही! साहेबांनी तुमचा तक्ता वाचला. मला विचारतात, आंधळेपणानं माणसं नेतोस का रोज? मी तर तेव्हा काही लिहिलंच नव्हतं. माझी नोकरी घालवता का?'

सासूबाईंनी निरोप पुन्हा वाचला. त्यांनी टाकीला विचारलं. टाकीनं तक्ता उघडून पाहिला आणि लिहिलं, 'काकू, ज्यानं काही लिहिलं नाही, त्याची चौकट तुम्ही घातलीच नाहीत. रिकामी असली तरी चौकट उघडून बंद करावी लागते. नाहीतर पुढचे सगळे सरकून त्याच्या जागी येऊन बसतात.'

म्हणजे ती कुलुपं लावलेली दारं. त्यांनी ती वगळली होती. ज्या दिवशी तिघंही गप्प होती, त्या दिवशी ओळीत एकटी सुईदोराच उरली होती, आणि ती थेट सुकाणूच्या जागी जाऊन बसली होती. त्यांचा स्वतःचा रकाना पार उजवीकडे, मोठ्या अक्षरांमुळे पडद्याबाहेर. तिकडे जाऊन बघायचं त्यांना सुचलंच नव्हतं. आपलं आपल्याला ठाऊक असतं, ते काय बघायचं?

त्या दुरुस्तीला बसल्या. सोमवारची ओळ. सुकाणूची चौकट उघडली, काही लिहिलं नाही, बंद केली. 'पूल दिसत नाही' टाकीखाली गेलं. टाकीची उघडली, बंद केली. ते गच्चीखाली गेलं. गच्चीची उघडली, बंद केली, आणि शब्द पडद्यावरून दिसेनासे झाले. मंगळवार. बुधवार. एकेका चौकटीबरोबर धुकं नदीवरून उठत गेलं, बोटीवरून, टाकीवरून, उंच गच्चीवरून, आणि एकेक घर ओलांडत उजवीकडे निघालं. खऱ्या धुक्याच्या दोनचार सकाळी तेवढ्या सगळ्यांच्या रकान्यांत राहिल्या. बाकी सगळं शेवटच्या रकान्यात येऊन साचलं.

सासूबाईंनी तक्ता सरकवून तो रकाना पाहिला. भरगच्च होता. वरपासून खालपर्यंत त्याच एकट्या.

फार भीती वाटली त्यांना. तक्ता अजून चढवलेला नव्हता. सूनबाईनं हार मानली होती, शब्दाची पक्की होती, पुन्हा विषय काढला नसता. जुना तक्ता नुसता पुसून टाकला असता, तरी सुकाणूची नोकरी वाचली असती. कुणाला काही कळलं नसतं. खिडकीबाहेर चादरी तरंगत होत्या. खाली कुणीतरी एक खांदा पाडून चाललं होतं, आणि ते कुणीही असू शकत होतं. गालावर आईची बोटं आली. "मी काय करू गं?" त्यांनी मोठ्यानं विचारलं. बोटं नुसती चाचपत राहिली. आणि सासूबाईंना एकदम वाटलं, या बिचारीला लेकीचं तोंड बघायची केवढी हौस होती! आणि मी, मला बघता येण्याची सोय असून, खिडकीशी बसून धुकं भरतेय रकान्यांत.

त्यांनी नवा तक्ता चढवला. खाली लिहिलं, 'चूक माझी. बोट नेली त्या प्रत्येक दिवशी सुकाणूला पूल दिसत होता. धुकं फक्त माझ्याकडे आहे.' मग सूनबाईला फोन लावला.

"रद्द केलीस का गं ती वेळ?"

"अजून नाही. जेवणाच्या सुट्टीत करणार होते. का?"

"नको करूस. मी चपला घालते."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"तू आत येशील ना माझ्याबरोबर? तिथपर्यंत? मला भीती वाटते गं, फार भीती वाटते," सासूबाई म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांनी आईची गोष्ट त्यांनी फोनवरच सांगून टाकली. ऑफिसच्या जिन्यात बसून सूनबाईनं ती ऐकली.

मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टरबाई म्हणाल्या, एकेक डोळा करू. पहिल्या डोळ्याच्या वेळी सूनबाई सुई टोचेपर्यंत हात धरून होती आणि मग बाहेर बाकावर बसून होती. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली.

आधी नुसता उजेड आला, धुतलेला, टोचणारा. मग भिंत आली, भिंतीवरचं घड्याळ आलं, त्याचा काटासुद्धा आला. आणि समोर एक मुलगी. तिच्या हनुवटीवर तीळ होता. डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, रात्रभर न झोपल्याची. लग्न होऊन ती घरात आली तेव्हा धुकं आधीच पडायला लागलं होतं.

"अगंबाई," सासूबाई म्हणाल्या. "तू अशी दिसतेस होय?"

"बरी आहे ना?" सूनबाई हसली. लगेच तिचे डोळे भरले.

सासूबाईंची नजर खाली गेली, तिच्या कोटावर. ड्रायक्लीनर सासूबाईंच्या हातचं काम शोधायला भिंग घ्यायचा, अशी त्यांची ख्याती. हिवाळ्याच्या सुरुवातीला खिळ्यात अडकून या कोटाची बाही कोपराशी फाटली होती. त्यांनी ती रफू करून दिली होती, काळ्या कोटाला काळा धागा जुळवून.

कोट निळा होता. गडद, सुंदर निळा. कोपरावर तळहाताएवढं काळं जाळं होतं, वेडंवाकडं, एकावर एक चढलेलं. रस्त्याच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही दिसेल असं.

"हा घालून तू ऑफिसला जात होतीस? हिवाळाभर?"

"रोज."

"कुणी काही बोललं नाही?"

"विचारायचे ना, कुणी केलं म्हणून. मी सांगायचे, माझ्या सासूबाईंनी."

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. "रडायचं नाही हं, डोळ्याला चालणार नाही," डॉक्टरबाई मागून म्हणाल्या.

"काढ तो कोट," सासूबाई म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता काढ. घरी गेल्या गेल्या उसवते, निळा धागा आणते, नीट करून देते."

सूनबाईनं कोटाची बटणं गळ्यापर्यंत लावून टाकली.

"नाही देणार," ती म्हणाली, आणि त्याच बाहीचा हात सासूबाईंच्या काखेत घालून त्यांना उठवलं.