अकरा किलोंचा पंख

मित्रांनो, मी एक जुना पंख आहे. पक्ष्याचा नव्हे, पाणबुड्याचा. पाणबुड्याची पाठ आणि त्याचा हवेचा सिलिंडर यांच्यामध्ये मला बांधतात. माझ्या पोटात हवा भरली की तो वर येतो, सोडली की खाली जातो.

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्या कारखान्यात मी शिवला गेलो, तिथे मला फुगवून पाण्यात दाबून धरले आणि कुठून बुडबुडा येतो का ते पाहिले. तेही एकदा नव्हे, तीनदा! जन्मतःच ज्याच्यावर असा अविश्वास दाखवला, तो पुढे कोणावर विश्वास ठेवणार? शेवटी तपासणाऱ्या बाईंनी माझ्या कडेला शिक्का मारला, ‘११ किलो’. म्हणजे पुरता फुगलो की मी पाण्यात अकरा किलोंचे ओझे तोलून धरतो.

मला विकत घेतले ते पाण्याखाली उतरायला शिकवणाऱ्या एका मास्तरांनी. दुकानात माझ्या शेजारी वीस किलोंचा एक गलेलठ्ठ पंख होता आणि दुकानदार तोच त्यांच्या गळ्यात मारू पाहत होता. मास्तर म्हणाले, “एवढं धूड घेऊन काय करू? अर्धं रिकामं राहणार आणि सिलिंडरभोवती गुंडाळणार. घडीत हवा अडकली की वेळेवर सुटत नाही. पोहताना पाणी अडवणार ते वेगळंच.” त्यांचे खरे होते. ते तेव्हा उबदार, उथळ समुद्रात शिकवायचे आणि अंगात पातळ रबरी सूट घालायचे. तिथे मी पुरून उरत होतो.

सहा वर्षे माझे कौतुक झाले. मास्तर नव्या शिष्यांना मला दाखवून म्हणायचे, “मूर्ती लहान पण कीर्ती महान.” मी खूश व्हायचो आणि लगेच मनात म्हणायचो, एवढे गोड बोलतात, आता काय काम काढणार आहेत कोण जाणे.

मग मास्तरांनी नव्या जागी वर्ग घ्यायचे ठरवले. दगडाच्या जुन्या खाणीत पाणी साचून झालेला एक खोल, गार तलाव होता. तिथल्या पाण्यासाठी जाड सूट आला. त्याच्या फुगीर रबराने माणूस बुडेनाच, म्हणून कमरेला शिशाचा पट्टाही आला. आणि मास्तरांची थोरली बहीण माझ्या मागे लागली.

ताईंचे काम मागच्या खोलीत. सिलिंडर भरायचे, नळ्या धुवायच्या, व्हॉल्व्ह दुरुस्त करायचे. एक दिवस त्यांनी तो नवा सूट जाळीच्या पिशवीत कोंबला, हौदात टाकला आणि तो बुडेपर्यंत पिशवीत शिसे घालत राहिल्या. आकडा खडूने भिंतीवर लिहिला. मग माझा शिक्का वाचला, पुन्हा भिंतीकडे पाहिले. माझ्या मनात पाल चुकचुकली. दोन दिवसांनी समोरच्या खुंटीवर अठरा किलोंचा एक नवाकोरा पंख लटकला. आता तर खात्रीच पटली, इथे कुठेतरी पाणी मुरतेय. त्याच संध्याकाळी ताईंनी माझा हवा सोडायचा व्हॉल्व्ह उघडला, स्प्रिंग पुसली आणि परत बसवली. पुसली की ढिली केली? मी मनात नोंद करून ठेवली.

मास्तरांची एक रीत होती. शनिवारचा वर्ग संपला की मला पूर्ण फुगवायचे आणि सिलिंडरसकट पोहण्याच्या तलावात ढकलून द्यायचे. सिलिंडरची मान पाण्यावर राहिली की मी पास.

“बघ ताई, तरंगतोय की!”

“अरे, वर्ग संपल्यावर सिलिंडर रिकामाच असतो,” ताई म्हणाल्या. “भरलेल्यातली हवाच तीन किलोंची. आणि हा सूट तळाशी पार चेपतो, नऊ किलोंचं ओझं तरंगवायची त्याची ताकद जाते. नऊ नि तीन किती झाले?”

“बारा. एका किलोनं काय होतंय? सहा वर्षांत त्यानं कधी दगा दिलाय का?”

“त्याच्या इमानाबद्दल बोलत नाहीये मी. वजनाबद्दल बोलतेय.”

मी मात्र मास्तरांच्याच बाजूचा होतो.

खाणीतल्या पहिल्या वर्गाच्या आदल्या दिवशी मास्तर शिष्यांसाठी दोर बांधायला खाणीत उतरले. सिलिंडर गच्च भरलेला, हातात दिवा आणि दोराचे जड रीळ. ते वजन कोणीच हिशेबात धरले नव्हते. ताई न बोलता मागून आल्या. पाठीवर तोच अठरा किलोंचा पंख.

पंचवीस मीटर खोल असलेल्या कपारीला दोर बांधायचा होता. मास्तरांनी माझ्यात हवा भरायचे बटण दाबले. मी फुगलो, आणखी फुगलो, पण आम्ही कपारीपाशी थांबलोच नाही. खाली काळोख होता. मास्तर पाय मारू लागले, त्यांना धाप लागली. रीळ सोडून द्यायचेही त्यांना सुचेना. माझ्या व्हॉल्व्हमधून हवा भराभरा बाहेर पडत होती. मला वाटले, झाले! सापडली चोरी, ताईंनी स्प्रिंग ढिली केली!

तेवढ्यात एका हाताने मास्तरांचा खांद्याचा पट्टा धरला. तो ताईंचा हात होता. त्यांनी रीळ हिसकावून टाकले, आपला पंख फुगवला आणि आम्हा दोघांना सावकाश, थांबत थांबत वर आणले.

काठावर मास्तरांनी बूटही न काढता आधी मला पाठीवरून उतरवले. “व्हॉल्व्ह गळतोय,” ते म्हणाले. माझेही तेच म्हणणे होते.

ताईंनी व्हॉल्व्ह तिथेच उघडला. स्प्रिंग ठणठणीत होती. “पोट भरल्यावर जादा हवा जाणारच. ह्याच्यात काही खोट नाही. त्याला जेवढं येतं तेवढं त्यानं केलं.”

मास्तरांनी माझ्या कडेचा शिक्का पुन्हा वाचला.

“उद्या नऊ जणांना घेऊन उतरणार होतो मी,” मास्तर म्हणाले. “सगळ्यांना असलेच पंख देणार होतो.”

“माहितेय. म्हणून तर मागनं आले.”

दुसऱ्या दिवशीचा वर्ग झाला नाही. हौदापाशी प्रत्येकाचा सूट बुडवून, भरलेले सिलिंडर आणि हातातले सामानसुद्धा तोलून, ज्याला जेवढा लागतो तेवढा पंख ठरवायला आठवडा गेला. मी आता फक्त उथळ, उबदार पाण्यात उतरतो. तिथे अजून माझ्यासारखा दुसरा नाही, असे मास्तर म्हणतात. मी ते ऐकून सोडून देतो.

मित्रांनो, आमची निगा राखा, पण आमच्या मायेत आंधळे होऊ नका. पंख लहानही नको आणि उगाच मोठाही नको. तुमची लाडकी वस्तू कोणी पुन्हा पुन्हा तोलून पाहिली, तर रागावू नका. मी सगळ्यांवर संशय घेतला, फक्त माझ्या शिक्क्यावर तेवढा घेतला नाही. त्या दिवशी मास्तर वर आले नसते, तर त्यांच्या पाठीला बिलगून तळाशी पडल्या पडल्या मी ताईंनाच दोष देत राहिलो असतो.